‘टर्न’, ‘फिजेट’ आणि मराठी कोशपरंपरा

इंग्रजीतील वळण्याच्या व चुळबुळीच्या क्रियापदांची उठाठेव मराठीच्या अभ्यासकाने का करावी, असा प्रश्न सकृद्दर्शनी पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाला तो भाषांतराच्या तासाला पडला. एक मूल सदऱ्याच्या बटणाशी ‘फिजेट’ करीत आहे, अशा अर्थाचे एक साधे इंग्रजी वाक्य पदव्युत्तर वर्गास दिले होते. बहुतेकांनी ‘मूल बटणासह अस्वस्थ होत होते’ असे लिहिले. हेच विद्यार्थी घरी ‘पोराचा बटणाशी चाळा चालला आहे’ असे सहज म्हणतात. तेव्हा ही चूक इंग्रजीच्या किंवा मराठीच्या अज्ञानाची म्हणता येत नाही. दोन भाषांमध्ये जो कोश उभा असतो, त्याच्या रचनेत तिचे मूळ शोधावे लागते.

मराठीच्या आधुनिक कोशांचा प्रारंभ श्रीरामपूर येथे झाला. विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये मोडी लिपीत छापला गेला. त्यानंतर 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश आला व 1857 मध्ये त्याची बरीच वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. या कोशांत नोंदीचा शब्द मराठी आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. नोंद मराठी असली की ‘चुळबुळ’, ‘वळवळ’, ‘तळमळ’, ‘शिवशिव’ या प्रत्येकीला स्वतःचे घर मिळते, आणि इंग्रजी प्रतिशब्द अपुरा पडल्यास कोशकाराला वर्णन करणे भाग पडते. मोल्सवर्थने व त्याच्या पंडितांनी अनुकरणवाचक शब्दांना जी उदार जागा दिली, तिचे ऋण आजही फिटलेले नाही.

मोल्सवर्थने आरंभिलेला व टॉमस कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिशा उलटली. नोंदीचा शब्द आता इंग्रजी झाला. पुढे शाळांतून रुजलेल्या भाषांतरपद्धतीने हीच दिशा घरोघरी पोचविली. तर्खडकरांच्या पाठमालेवर किती पिढ्या पोसल्या हे सांगावयास नको. इंग्रजीकडून निघालेल्या माणसाला एका ‘फिजेट’साठी एकच मराठी शब्द हवा असतो. मराठी मात्र ही क्रिया अवयवांनुसार वाटून देते. बसल्या जागी होते ती चुळबुळ, बोटांचा होतो तो चाळा, हात शिवशिवतात, जीभ वळवळते, अंथरुणावर झोप न आलेला मनुष्य तळमळतो आणि कुशी बदलतो. ही वाटणी इंग्रजी नोंदीखाली मावत नाही. मग ‘अस्वस्थ होणे’ हा कोणत्याच अवयवाचा नसलेला संस्कृत शब्द पुढे येतो. तो चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो चटकन पकडताही येत नाही.

‘टर्न’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशी कातकामाचे यंत्र, म्हणजे लाकूड फिरवून घडविण्याचे साधन आहे. मराठीत त्याची कामे निदान तीन धातूंनी वाटून घेतली आहेत. ‘वळणे’मध्ये नवी दिशा धरणे आहे, म्हणून मन वळविता येते. ‘फिरणे’मध्ये घेरा आहे आणि मागे जाणेही आहे, म्हणून माणूस शब्द फिरवितो. ‘उलटणे’मध्ये वरची बाजू खाली जाते. इंग्रजीत मनुष्य चाळीस वर्षांचा ‘टर्न’ होतो म्हणजे चाळिशीला पोचतो. मराठीत चाळिशी उलटली म्हणजे ती मागे पडली. कोशात हे शब्द शेजारी दिसले तरी आयुष्यात त्यांच्यामध्ये अंतर पडते. प्रस्तुत लेखकास ते आता स्वानुभवाने ठाऊक आहे.

तरीही दोन्ही भाषांत जुने नाते आहे. संस्कृत ‘वृत्’ आणि इंग्रजी ‘टुवर्ड’मधील ‘वर्ड’ हे एकाच मूळ धातूचे वंशज होत. जर्मनमध्ये ‘होणे’ या अर्थाचे ‘वेर्डेन’ त्याच कुळातले आहे. वळणे आणि होणे यांची सोयरीक केवळ ‘टर्न’ने जुळविली असे नव्हे. मराठीत हा धातू ‘वात’ (वर्ति) आणि ‘वाट’ (वर्त्म) या शब्दांत दडून बसला आहे. आपल्याकडे वाती वळतात. म्हणजे ‘वृत्’पासून झालेल्या वस्तूवर ‘वल्’पासून आलेले क्रियापद काम करते. झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ वा. गो. परांजपे यांच्या अनुवादाने 1941 पासून मराठीत उपलब्ध आहे; तो हाताशी ठेवून विद्यार्थ्यांनी अशा जोड्या अवश्य धुंडाळाव्यात.

हा धागा बुलढाणा तालुक्यातील धाड या गावापर्यंत नेता येतो. अंबाडीचा वाख ढेऱ्यावर पिळून दोर वळण्याचे काम या भागात जुन्या लोकांनी हातांनी केलेले आहे. इंग्रजी ‘ट्विस्ट’चे मूळही दोरातच आहे: ‘दोन’ या संख्येशी संबंध असलेला तो शब्द मुळात दोन पदरांच्या दोरीचा होता. धाडच्या शेतकऱ्याला ‘ट्विस्ट’ समजावयास कोश लागणार नाही. ‘पीळ’ म्हटले की पुरे, कारण दोराचा पीळ आणि स्वभावाचा पीळ तो एकाच शब्दाने जाणतो.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. वऱ्हाड 1853 च्या तहाने ब्रिटिश प्रशासनाखाली आला. म्हणजे मोल्सवर्थच्या पहिल्या आवृत्तीच्या वेळी हा मुलूख निजामाच्या कारभारात होता, आणि तो कोश मुंबई इलाख्यात घडत होता. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो व ‘ण’चा ‘न’ होतो: डोळा तो ‘डोया’, वळणे ते ‘वयने’. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 मधील मराठीवरील सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र दखल आहे. धाड मराठवाड्याच्या सीमेलगत असल्याने तेथे दोन्ही उच्चार कानी पडतात. इंग्रजीत ‘रायद’, ‘रिगल’, ‘रिंग’ या पिळण्या-वळवळण्याच्या क्रियापदांत आरंभीचा ‘डब्ल्यू’ उच्चारातून केव्हाच गळाला, पण लेखनात टिकल्यामुळे त्यांचे कुळ शब्दकोशात एकत्र नांदते. वऱ्हाडीला ही सोय मिळाली नाही. 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झालेल्या सात विभागांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त आजीचा शब्द पाहू गेलेला धाडचा विद्यार्थी आजीच्या उच्चाराप्रमाणे पाने उलटीत ‘वय’पाशी येऊन थांबतो, आणि ज्या ‘वळणे’च्या शोधात तो निघाला ते पुढे ‘ळ’च्या पानांवर असते.