सरळ होण्याआधीचा अष्टावक्र

एकनाथांची भारुडे आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो. त्यांतील आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही माणसे नसून जीवाच्या अवस्थांची रूपके आहेत, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यात तास संपत असे. रूपक उलगडले की पांगळा नाहीसा होतो आणि अध्यात्म उरते, अशी ती रीत. आमच्या घरी सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा जन्माला आला तेव्हा या रीतीतील उणीव ध्यानात आली. पांगळा नाहीसा होत नाही. तो सकाळी उठतो, त्याला दूध हवे असते, आणि त्याचे पाय ताणून देण्यासाठी कुणाला तरी अर्धा तास सतरंजीवर बसावे लागते.

आम्ही दोघे पती-पत्नी. एकाची नोकरी साताऱ्यात, दुसरीची सांगलीत. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाल्यापासून आम्ही या विकाराचा इतिहास वाचू लागलो. वाचन हा आमचा व्यवसाय, आणि संकटातली सवयही. पुढील मजकूर हा वैद्यकीय सल्ला नव्हे. या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात: हे कशामुळे झाले, आणि हा चालेल का? आमच्या घरातही हेच दोन प्रश्न नऊ वर्षे मुक्कामाला आहेत.

पहिल्या प्रश्नाचा आधुनिक इतिहास 1861 साली लंडनमध्ये सुरू होतो. विल्यम जेम्स लिटल या शल्यचिकित्सकाने तेथील प्रसूतिशास्त्राच्या मंडळापुढे एक निबंध वाचला. अवघड प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः श्वास कोंडणे यांचा मुलाच्या पुढील ताठर हातापायांशी संबंध आहे, हे त्याचे प्रतिपादन. पुढे कित्येक वर्षे हा विकार 'लिटलचा रोग' म्हणूनच ओळखला गेला. साहित्याच्या अभ्यासकांना मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे लिटलने या निबंधात शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा दाखला दिला. दिवस भरण्याआधी जन्मलेला, म्हणून वेडावाकडा, असे ते पात्र स्वतःचे वर्णन करते. नाटक पुरावा म्हणून वापरण्यातला धोका पुढे उघड झाला. 2012 साली लेस्टर येथे उत्खननात रिचर्डचा सांगाडा मिळाला. त्याचा कणा वाकलेला होता, पण नाटकातला वाळलेला हात त्या हाडांत आढळला नाही.

लिटलच्या सिद्धान्ताला पहिला मोठा आक्षेप घेतला तो सिग्मंड फ्रॉइडने. मनोविश्लेषणाचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याआधी तो बालकांच्या मज्जाविकारांचा अभ्यासक होता. 1897 सालच्या ग्रंथात त्याने कार्यकारणभाव उलटा करून पाहिला: अवघड प्रसूती हे विकाराचे कारण नसून गर्भातच काही बिघडल्याचे ते लक्षण असेल तर? या शंकेकडे दीर्घकाळ फारसे कुणी लक्ष दिले नाही. 1986 साली नेल्सन आणि एलेनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी हजारो गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रसूतीच्या वेळच्या घुसमटीने यांतील थोड्याच मुलांचा विकार समजावता येतो असे दिसले. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जनुकीय दोष अशी कारणे अनेक आहेत. आपल्याकडे प्रसूतीच्या वेळची घुसमट आणि नवजात बाळाची कावीळ आजही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत, हे खरे. परंतु एका विशिष्ट मुलाकडे पाहून नेमके कारण दरवेळी सांगता येत नाही.

हा शंभर-सव्वाशे वर्षांचा वाद घरात कोणत्या रूपाने येतो? "बाळ उशिरा रडलं" या एका वाक्याने. ते वाक्य कागदावर डॉक्टरांचे असते. बारशापर्यंत ते नातेवाइकांचे होते, आणि मग त्याला शेपूट फुटते: हिने ग्रहण पाळले नाही, हिने प्रवास केला, हिने जोर लावला नाही. आमच्यापैकी एकीने ते सहा वर्षे ऐकले आणि दुसऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. फ्रॉइडची शंका वाचली त्या रात्री आम्ही प्रथमच याविषयी मोकळेपणाने बोललो. इतिहासाने आम्हाला कारण दिले नाही. दोषारोप मात्र काढून घेतला.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लिटलला स्वतःला लहानपणापासून पायाचे व्यंग होते. 1836 साली हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर नावाच्या शल्यचिकित्सकाने त्याची टाचेमागची धोंडशीर छेदून पाऊल सरळ केले. हीच कला लिटल लंडनला घेऊन आला आणि 1840 साली तेथे त्याने अस्थिव्यंगोपचाराची संस्था काढली. म्हणजे या विकाराला नाव देणारा मनुष्य शस्त्रक्रियेचा लाभार्थी होता. पण त्याचे व्यंग पायापुरते होते. सेरेब्रल पाल्सीत इजा मेंदूला झालेली असते आणि सुरी पायावर चालते. शीर लांब करता येते, हाड वळवता येते. मेंदूकडून येणारी आज्ञा बदलत नाही.

हा भेद समजायला वैद्यकालाही वेळ लागला. पोलिओच्या साथींच्या काळात अस्थिशल्यचिकित्सकांचे हात लुळ्या स्नायूंवर बसले होते; त्याच युक्त्या ताठर स्नायूंवर योजल्यावर तसे यश येईना. धोंडशीर प्रमाणाबाहेर लांबवली तर मूल पुढे गुडघे वाकवून खुरडत चालू लागते, हेही अनुभवाने कळले. आमच्याकडे लोक आजही मुलाला पाहून "पोलिओ का?" असे विचारतात. भारत 2014 साली पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी शब्द मागे राहिला आहे.

पुढे टोरांटोचे शल्यचिकित्सक मर्सर रँग यांनी एका दुखण्याला मार्मिक नाव दिले: वाढदिवसाचा विकार. यंदा टाच, पुढल्या वर्षी गुडघा, त्यानंतर खुबा, अशा क्रमाने मुलाचा प्रत्येक वाढदिवस इस्पितळात जाई. त्यातूनच सर्व सांध्यांचा एकत्र विचार करून शक्यतो एकाच वेळी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली. 1997 साली मुलांच्या हालचालींच्या क्षमतेची पाच स्तरांची वर्गवारी आली आणि 'चालेल का?' या प्रश्नाला अधिक प्रामाणिक उत्तर देणे शक्य झाले. 2006 सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा सरकलेला आढळला. पहिल्या स्तरात एकाचाही नाही, पाचव्या स्तरात मात्र 90 टक्के मुलांचा. खुबा हळूहळू सरकतो, प्रारंभी दुखत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढावा लागतो. आमचा मुलगा चौथ्या स्तरातला आहे. त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झालीच तर ती चालण्यासाठी नसेल. नीट बसता यावे आणि पुढे वेदना होऊ नयेत यासाठी असेल.

हे समजून घ्यायला आम्ही ज्या गाडीने जातो ती पुणे-मिरज मार्गावरची. मिरजेची वैद्यकीय ख्याती जुनी. कॅनडात जन्मलेले विल्यम जेम्स वॉनलेस हे मिशनरी शल्यचिकित्सक या भागात आले आणि 1894 साली त्यांचे इस्पितळ तेथे सुरू झाले. त्याच वर्षी लंडनचे ते दुसरे विल्यम जेम्स, म्हणजे लिटल, निवर्तले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील माणसे तेव्हापासून याच रुळांवरून आशा घेऊन मिरजेला उतरत आली आहेत. डब्यात मुलाला मांडीवर घेऊन बसलो की आपण त्या रांगेतलेच आहोत, असे वाटते.

यंदा एका शल्यचिकित्सकांनी आम्हाला विचारले, "या ऑपरेशनमधून तुम्हाला काय हवंय?" आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "चालावा." ते म्हणाले, "घरी जाऊन पुन्हा विचार करा."

हा प्रश्न बदलण्याचे काम याआधी एका आईने केले आहे. मुलगी मालिनी हिच्यासाठी योग्य शाळा मिळेना म्हणून मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. ही मुलगी चालेल का, यापेक्षा ती शिकेल कोठे, हा प्रश्न त्यांनी समाजापुढे ठेवला. पुढे मालिनी चिब यांनी 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिले. 1999 सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा नावानिशी समावेश झाला आणि 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्यातही ती स्वतंत्रपणे नोंदली गेली.

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. गर्भात असताना पित्याचे पठण चुकीचे ठरविले म्हणून पित्यानेच त्याला आठ ठिकाणी वाकडा होण्याचा शाप दिला. येथे निदान दोष आईचा नाही. कथेच्या शेवटी तो समंगा नदीत उतरतो आणि सरळ होऊन बाहेर येतो. शस्त्रक्रियेच्या आशेवर जगणाऱ्या आईबापांना ही नदी चांगलीच ओळखीची असते. पण कथेचा क्रम पाहावा. जनकाच्या सभेत बंदीला वादात हरवून पित्याला सोडवून आणले, तेव्हा अष्टावक्र वाकडाच होता. त्याला सभेत प्रवेश मिळण्यासाठी नदी लागली नाही. द्वारपालाशी हुज्जत मात्र घालावी लागली.

घरी येऊन आम्ही तोच प्रश्न मुलाला विचारला. नऊ वर्षांत प्रथमच विचारला, हे येथे कबूल केले पाहिजे. तो बराच वेळ शब्द जुळवीत होता. मग म्हणाला, "शेवटच्या तासापर्यंत बसता आलं पाहिजे. मधल्या सुट्टीनंतर दुखतं."

पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. शस्त्रक्रिया होईल की नाही, हे अजून ठरलेले नाही. फाईलच्या पहिल्या पानावर आम्ही त्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवले आहे. या खेपेस डॉक्टरांनी विचारले की ते वाचून दाखवायचे, आणि त्याला काही पुढे बोलायचे असेल तर आम्ही गप्प बसायचे, असे ठरले आहे.