वर्गणी की भाडं?

पत्रं टाइप करायची, हिशेबाचे तक्ते मांडायचे, एवढ्या कामासाठी हल्ली दरसाल पैसे भरावे लागतात. सॉफ्टवेअर कंपन्या त्याला वर्गणी म्हणतात. मला हा शब्द खटकतो. मासिकाची वर्गणी बंद केली तरी जुने अंक माळ्यावर राहतात. रद्दीवाल्याला देईपर्यंत ते आपलेच. इथे मुदत संपली की तो प्रोग्रॅम आपलंच लेखन आपल्याला नुसतं वाचू देतो, त्यात काना-मात्रेचाही बदल करू देत नाही. मराठीत याला भाडं म्हणतात.

आणि हे भाडं काही आजचं नाही. १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ या अभियंत्याची यंत्रं आली. जाड कार्डांना भोकं पाडायची; एकेक भोक म्हणजे वय, जन्मस्थान, धंदा अशा प्रश्नाचं उत्तर. विजेवर चालणारं यंत्र ती भोकं मोजायचं. सहा कोटींहून अधिक माणसांची नोंद अशी झाली. हॉलरिथने ही यंत्रं सरकारला विकली नाहीत, भाड्याने दिली.

पुढे भाड्यावरूनच बिनसलं. १९०३ मध्ये जनगणना खात्याचे संचालक झालेले सायमन नॉर्थ यांना दर अवाच्या सवा वाटले. १९०५ मध्ये हॉलरिथची यंत्रं खात्यातून गेली. खात्याने स्वतःच्या कारखान्यात यंत्रं तयार करायला घेतली आणि १९१० च्या जनगणनेसाठी जेम्स पॉवर्स याने आखलेली यंत्रं वापरली. पुढे पॉवर्सने स्वतःची कंपनी काढली. भाडेकरूच्या कटकटीतून घरमालकाला प्रतिस्पर्धी मिळाला, असं क्वचितच घडतं!

हॉलरिथचा धंदा १९११ मध्ये ज्या कंपनीत विलीन झाला, तिचंच नाव १९२४ पासून आयबीएम. तिनेही यंत्रं भाड्यानेच दिली, वर अट घातली की कार्डंही आमचीच वापरा. म्हणजे लग्नात भांडी भाड्याने देणाऱ्याने तांदूळही माझ्याच दुकानातून घ्या म्हणावं, तसं. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली. १९५६ मध्ये, सरकारने भरलेल्या खटल्यातल्या तडजोडीने, ज्याला यंत्र विकत हवं त्याला ते विकणंही कंपनीला भाग पडलं. तोवर प्रोग्रॅमची वेगळी किंमत नसे, तो यंत्राबरोबर यायचा. १९६९ च्या जूनमध्ये आयबीएमने त्यांचे दर वेगळे लावण्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअरची बाजारपेठ वाढली ती यानंतर.

आपल्याकडेही ही कंपनी डागडुजी केलेली जुनी यंत्रं भाड्याने द्यायची. परकी भांडवलाचा हिस्सा कमी करण्याऐवजी तिने १९७८ मध्ये देशच सोडला.

मग आला खोक्यांचा काळ. १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम ४९५ डॉलरला मिळे. महाग होता, पण एकदा घेतला की घेतला. १९८९ मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस आलं, तेही असंच. गिऱ्हाईक जुन्या प्रतीवर दहा वर्षं काढायचं, आणि कंपन्यांची अडचण नेमकी हीच होती. नवं खोकं घ्यायला माणूस उठतच नाही! २०११ मध्ये ऑफिस ३६५ सुरू झालं, २०१३ मध्ये ते घरगुती ग्राहकांपर्यंत पोचलं आणि आपण पुन्हा भाडेकरू झालो.

आता रोकडा हिशेब. अमेरिकेत ऑफिसची २०२४ ची घरगुती आवृत्ती आली तेव्हा ती कायमची घ्यायला सुमारे १५० डॉलर पडत. एका माणसाची वार्षिक वर्गणी २०२५ च्या जानेवारीत ७० वरून १०० डॉलर झाली, कारण त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस घातला. दोन वर्षांतच भाडं किमतीच्या पुढे जातं. मात्र विकतची प्रत एकाच यंत्रावर चालते. वर्गणीत अनेक यंत्रं येतात, फाइली ठेवायला कंपनीकडे मोठी जागा मिळते, सुधारणा आपोआप येतात. जिथे चार माणसं एकाच तक्त्यावर एकदम काम करतात, त्या कचेरीने हे पैसे जरूर भरावेत. तिचा वेळ वाचतो, आणि वेळेला पगार लागतो. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याने किंवा महिन्याला दोन अर्ज लिहिणाऱ्या निवृत्त गुरुजींनी कशासाठी भरावेत? २०१० पासून लिबरऑफिस आहे, फुकट आहे, मराठी नीट लिहितं.

पण विकत घेतलं म्हणजे आपलं झालं, हेही खरं नाही. त्या अमेरिकन कार्डांची गोष्ट आपल्या मराठीत वेगळ्या रूपाने घडली आहे. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर रोख पैसे मोजून मिळायची. संगणकामागे एक छोटी डबी खोचायची, ती असेल तरच काम चालायचं. प्रत्येक कंपनीने अक्षरांची मांडणी आपापल्या मर्जीने केली होती. तो फॉन्ट नसेल तर आज त्या फाइलींत कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. भाडं थकलेलं नव्हतं, किंमत पूर्ण चुकती केलेली होती, तरी मजकूर कुलपात गेला. युनिकोडमुळे नव्या लेखनाची ही भीती गेली. दस्तऐवजांचा खुला साचाही २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात जपलेली फाइल कुणा एकाच्या प्रोग्रॅमवर अवलंबून नसते.

जुन्या लेखनाचं मात्र बदलून घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा टाइप करावं लागतं. माझा एक संग्रह तशाच एका फॉन्टमध्ये जुळवलेला होता. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापील प्रत समोर ठेवून तो पहिल्या पानापासून टाइप झाला, पानामागे पैसे मोजून. त्यात एका कवितेतल्या ‘अम्मी’चं ‘आम्ही’ झालं. प्रुफात सापडलं, म्हणून बरं.