नळापूर्वीचे पाणी

प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराजवळ पूर्वी तलाव होता, हे आमच्या विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. पाणी म्हणजे नळ! विहार तलावाचे पाणी मुंबईत आले १८६० साली. पुढे डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालानंतर हिवतापाच्या भयाने अनेक विहिरी बुजविण्यात वा झाकण्यात आल्या. उपाय गैर नव्हता. परंतु पाणी शेंदण्याच्या कष्टाबरोबर ते मोजून वापरण्याची सवयही गेली.

क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद (पूर्ण १८०२) मात्र जुन्या तलावावरच उभी आहे. तेथे हौदाकाठी बसून ओंजळीने वजू करता येतो. वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी वाया घालवू नये, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या घरी आता नळ बंद ठेवून लोटा घेतो. एका लोट्यात वजू होतो.