उंचवट्यासाठी कापायचं का?

खांद्यावर आपटलं की कधी कधी कॉलरबोन खांद्याच्या टोकापासून सुटतं. तुटलेलं असतं ते हाड नव्हे, त्याला धरून ठेवणारे अस्थिबंध. हिपोक्रॅटिसच्या ग्रंथात बजावलंय, हा खांदा निखळणं नव्हे. उंचवटा राहील, पण हात चालेल. पुढे गेलनचा हाच सांधा कुस्तीत सुटला, तेव्हा त्याने घट्ट पट्ट्या बांधून घेतल्या.

१८६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कूपर यांनी हा सांधा चांदीच्या तारेने जोडला. १९४१ मध्ये बॉसवर्थ यांनी स्क्रू वापरला. १९७२ मध्ये वीव्हर आणि डन यांनी शेजारचा अस्थिबंधच तिथे वळवला.

नंतर रॉकवूड यांनी सहा प्रकार पाडले. पहिले दोन हात गळ्यात बांधून बरे होतात, शेवटच्या तिन्हींत बहुधा ऑपरेशन लागतं. तिसऱ्यावर मात्र डॉक्टरांचा वाद अजून चालूच आहे, आणि तो हिपोक्रॅटिसच्याच प्रश्नावर: हात चालत असेल, तर कापायचं कशासाठी?