सुई कोणाच्या हातात?

आमच्या शाळेत शनिवारी शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे असत. मुली शिवणाच्या खोलीत जात आणि आम्ही मुलगे बागेला पाणी घालायला. ही वाटणी कोणी केली, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पुढे संशोधनासाठी वसतिगृहात राहत असताना शर्टाचे एक बटण लावायला मला अर्धा तास लागला आणि दोन दिवसांत ते पुन्हा गळून पडले. प्रयोगशाळेत नाजूक उपकरणे हाताळणाऱ्या मला टाका का टिकतो आणि का उसवतो, हे माहीत नव्हते. तेव्हापासून सुईचा इतिहास मिळेल तसा वाचत आलो आहे.

सुईच्या आधी माणसाकडे हाडाची आरी होती. आरीने कातड्याला भोक पाडायचे आणि मग त्यातून वादी ओवायची, अशी दोन वेगळी कामे होती. सुईला नेढे आले तेव्हा ही दोन्ही कामे एकाच हालचालीत होऊ लागली. नेढे असलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात सुया सायबेरियातल्या आहेत. त्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. तिथल्या थंडीत अंगाबरोबर बसणारे, एकावर एक घालता येतील असे कपडे शिवल्याशिवाय तग धरणे अवघड होते. त्या सुया बायका चालवत की पुरुष, हे हाडाच्या तुकड्यावरून कळत नाही.

शाळेतल्या सुईचा इतिहास मात्र अलीकडचा आहे आणि त्यात दोन वाटा दिसतात. पहिली वाट जर्मनीतील फ्रीडरिश फ्रोबेलची. त्याने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. फ्रोबेलने तरुणपणी बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला होता. त्याच्या शिक्षणपद्धतीत आकारांना एवढे महत्त्व का, हे त्यावरून लक्षात येते. मुलांसाठी त्याने जे उद्योग सुचवले त्यांत कागदाच्या घड्या आणि कागदी पट्ट्यांची वीण यांच्याबरोबर पुठ्ठ्यावर भोके पाडणे आणि त्यांतून रंगीत दोरा ओवणे हेही होते. बिंदूपासून बिंदूपर्यंत रेषा, रेषांचा चौरस, चौरसाचा कर्ण असा तो क्रम. मुलगे आणि मुली एकत्र बसून हे करत. इथे सुई भूमितीचे साधन होती.

दुसरी वाट इंग्लंडमधली. तिथे १८६२ साली शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आले. मुले परीक्षेत कशी उतरतात यावर अनुदान ठरू लागले आणि मुलींना साधे शिवणकाम शिकवणे शाळांवर बंधनकारक झाले. साहजिकच मुलींचे पुष्कळ तास शिवणात जाऊ लागले. याचा परिणाम गणितावर होणार हे अधिकाऱ्यांनाही दिसत होते. म्हणून १८८० च्या दशकात निरीक्षकांना सूचना मिळाली, की मुलींचे गणित तपासताना थोडी सवलत द्यावी! मुलीने शिवावे, गणित थोडे कच्चे राहिले तरी चालेल, असा याचा सरळ अर्थ.

त्याच दशकात पुण्यातही या प्रश्नावर वाद झाला. १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलांच्या हायस्कुलाचा अभ्यासक्रम मुलींना कशाला, त्यांना गृहोपयोगी शिक्षण द्यावे, अशी टीका 'मराठा' पत्रातून झाली. शिवण हे त्या गृहोपयोगी शिक्षणात अर्थातच मोडत होते. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: शिवण एकीकडे आणि गणित-विज्ञान दुसरीकडे.

हे गृहीत मोडण्याचा मोठा प्रयत्न १९३७ साली वर्ध्याला झाला. गांधीजींच्या कल्पनेवरून भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने जी योजना आखली, तिच्यात सूतकताई आणि विणकामाला मूलोद्योगाचे स्थान होते. मुलगे आणि मुली दोघांच्याही हातात टकळी द्यायची आणि सूत मोजता मोजताच गणित शिकवायचे, असा विचार त्यामागे होता. पुढे ही योजना मागे पडली आणि आमच्या शाळेसारख्या अनेक शाळांत शिवण मुलींकडेच राहिले.

खरे तर शिवणात गणित किती भरले आहे! आपली गोधडीच घ्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून कडेपासून आत आत धावदोऱ्याच्या फेऱ्या घालतात. थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब राखते. आता वर्गात २० सेंटीमीटर बाजूचे जुन्या सुती कापडाचे दोन चौरस घ्या. कडेपासून एक सेंटीमीटर आत पहिली फेरी घातली, तर तिची लांबी ७२ सेंटीमीटर भरते. आणखी एक सेंटीमीटर आत दुसरी घातली, तर ६४, तिसरी ५६. दर फेरीला बरोबर आठ सेंटीमीटर कमी होतात. चौरस मोठा घेतला तर किती कमी होतील? आयत घेतला तर? मुलांना आधी अंदाज करू द्या आणि मग दोरा लावून मोजू द्या. उत्तर प्रत्येक वेळी आठच येते. ते का, हे त्यांना शोधू द्या.

त्याच चिंध्यांवर आणखी दोन प्रयोग होतात. कापड धाग्याच्या दिशेने ओढा आणि मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा. तिरके ओढले की ते जास्त ताणते, कारण उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटी तिरप्या होतात. शिंपी याला उरेब म्हणतात. दुसरा प्रयोग घर्षणाचा. गाठ न मारता दोन टाके घाला आणि दोरा ओढा. तो सहज निघतो. दहा टाके घातले की चांगलाच अडतो, कारण प्रत्येक वळणावर घर्षण वाढत जाते. माझे बटण का पडले, ते मला इथे कळले.

फिनलंडमध्ये १८६६ साली हस्तकला शाळेत सक्तीची झाली. मात्र बराच काळ मुलग्यांना लाकूडकाम आणि मुलींना शिवण अशी वाटणी तिथेही होती. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दोन्ही मिळून सर्वांसाठी एकच विषय झाला. आपल्याला तेवढे थांबायचे कारण नाही. पहिली-दुसरीला गोणपाट आणि बोथट टोकाची मोठी सुई द्यावी. तिसरी-चौथीला जुने सुती कापड आणि साधी सुई. घरून आणलेल्या चिंध्यांचे चौरस जोडत गेलात, तर वर्षअखेरीस वर्गाची एक गोधडी होईल. बसताना मुलगा-मुलगी अशा जोड्या कराव्यात. आणि तास संपताना दिलेल्या सुया व परत आलेल्या सुया मोजून जुळल्या, की मगच वर्ग सोडावा.