तंत्र महाविद्यालयातील समुपदेशन : व्यवस्था आणि हक्क

बारावीपर्यंत वर्गात अग्रक्रम राखणारा विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्याच सत्रात गणितात अनुत्तीर्ण होतो, तेव्हा त्याला बसणारा धक्का केवळ गुणांचा नसतो. साचत जाणाऱ्या 'केटी', त्यातून ओढवणारे 'वायडी', इंग्रजीतील व्याख्याने, वसतिगृहातील एकटेपण, शैक्षणिक कर्ज आणि शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतींचे दडपण अशी ही साखळी असते. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना पदवीच्या पहिल्या वर्षाचा पाया नसतानाच पुढचा अभ्यास पेलावा लागतो. आपली अडचण अभ्यासाची की मनाची, हे विद्यार्थ्याला एकट्याने उमगणे कठीण. ते उलगडण्यास मदत करणे हे समुपदेशनाचे पहिले काम होय.

मदतीच्या पायऱ्या

नवागतांना महाविद्यालयात रुळता यावे म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये तीन आठवड्यांच्या प्रारंभिक कार्यक्रमाची योजना आखली. त्यानंतरचा आधार मार्गदर्शक प्राध्यापकाचा आणि वरिष्ठ विद्यार्थ्यांचा. पवईच्या आयआयटीत वरिष्ठ विद्यार्थी नवागतांचे मार्गदर्शक म्हणून काम पाहतात. त्याखेरीज स्वतंत्र विद्यार्थी स्वास्थ्य केंद्रही तेथे आहे. अभ्यासाचे नियोजन किंवा वसतिगृहातील कुरबुरी या पातळीवर सुटू शकतात. झोप उडणे, जेवण तुटणे, वर्गाकडे फिरकणेच थांबणे अशी लक्षणे टिकून राहिली, तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे जावे. समुपदेशक औषधे देत नाही. त्यांची गरज भासल्यास तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो.

गोपनीयतेचा प्रश्न

समुपदेशकाची पायरी चढताना विद्यार्थी कचरतात ते बहुधा बोभाट्याच्या भीतीने. घरी कळेल, प्राध्यापकांचे मत बदलेल, नोकरीवर परिणाम होईल, अशा शंका मनात असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारांविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. हे अपवाद समुपदेशकाने पहिल्याच भेटीत स्पष्ट करावेत. विश्वासाची सुरुवात तेथूनच होते. समुपदेशनाची खोली प्राचार्यांच्या कार्यालयाला लागून असेल, तर कागदावरील गोपनीयता फारशी उपयोगी पडत नाही.

न्यायालयाचे निर्देश

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था ठेवावी, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळकपणे लावावेत, असेही त्यात म्हटले आहे. अर्थात, हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एकाच समुपदेशकाची नेमणूक म्हणजे नियमाची केवळ पूर्तता ठरेल. रॅगिंगची तक्रार मात्र समुपदेशनावर निभावून नेता येत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

प्रवेश घेताना

प्रयोगशाळा आणि प्लेसमेंटची चौकशी करणाऱ्या पालकांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत : समुपदेशक पूर्णवेळ आहे काय, भेटीसाठी किती दिवस थांबावे लागते आणि रात्री-अपरात्री वसतिगृहात जबाबदार कोण? महाविद्यालयात सोय नसल्यास केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकावरील मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.