कॅन्सर रुग्णालयात वाट दाखवणारी माणसे : थोडा इतिहास



"डॉक्टर, टाटाला जा म्हणालात, पण तिथे जाऊन नक्की भेटायचं कुणाला?"

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आलेला रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. स्टेज कोणती, आजार बरा होईल का, हे प्रश्न बऱ्याचदा त्यानंतर येतात. आधी वाटेचा प्रश्न येतो. कोणत्या खिडकीवर जायचे, राहायचे कुठे, पैसे किती लागतील, घरी परत कधी येता येईल?

हे विचारताना काही जण संकोचतात. त्यांना वाटते, डॉक्टरला असले किरकोळ प्रश्न कसे विचारायचे? पण हा प्रश्न किरकोळ नाही. कॅन्सरच्या उपचारांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रुग्णालय उभे राहिले, मशीन आले, औषधे आली, तरी रुग्ण दारापर्यंत येऊन मध्येच हरवत राहिले. मग त्यांना हाताला धरून नेणारी माणसे आणि संस्था एकेक करून उभ्या कराव्या लागल्या. आज हा इतिहास पाहू आणि शेवटी, नाशिक रोडहून उपचारासाठी निघताना तुम्ही काय करायचे, तेही पाहू.

परळची इमारत

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. १९३१ साली ब्रिटनमधील वेल्स येथे उपचार सुरू असताना त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्या काळात ज्याच्याकडे पैसा होता तो उपचारासाठी परदेशी जाई. बाकीच्यांना जाण्यासारखे ठिकाणच फारसे नव्हते.

सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईत परळला कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. जागाही सोयीची होती. १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय जवळच होते आणि चहूबाजूंनी गिरणगाव होते. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने हे रुग्णालय आपल्याकडे घेतले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. कॅन्सरच्या उपचारात किरणोत्सर्गाचे महत्त्व वाढत जाणार, हा त्यामागचा विचार होता.

रुग्णालय उभे राहिले म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे साहजिक होते. पण मुंबईत घर नसलेल्या रुग्णासाठी नवा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

उपचार काही मिनिटांचा, मुक्काम सहा आठवड्यांचा

कॅन्सरचा उपचार अपेंडिक्सच्या ऑपरेशनसारखा नसतो. ऑपरेशन करून चार दिवसांत घरी, असे इथे क्वचितच होते. रेडिएशनचे उदाहरण घ्या. मशीनखाली रुग्ण रोज जेमतेम काही मिनिटे असतो, पण आठवड्याचे पाच दिवस, असे अनेकदा पाच ते सहा आठवडे जावे लागते. केमोथेरपीचे डोस साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, कित्येक महिने चालतात. या काळात बहुतेक रुग्णांना रुग्णालयातल्या खाटेची गरज नसते. मग त्याने राहायचे कुठे? रोज नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला जाऊन परत येणे आजारी माणसाला झेपत नाही. परळच्या फुटपाथवर बिऱ्हाड मांडून राहिलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मुंबईने वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या बाहेरच्या माणसांनी शोधले. आपल्या नाशिकमध्ये गोदाकाठी संत गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी केली, ती रुग्ण आणि नातेवाईकांसाठी. यात्रेकरूला जसा निवारा लागतो तसाच दूरगावाहून आलेल्या रुग्णालाही लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे त्यांच्याच नावाने दादरला झालेल्या धर्मशाळेत कॅन्सरचे असंख्य रुग्ण राहून उपचार पूर्ण करून गेले.

परळमध्येच १९६८ साली नाना पालकर स्मृती समिती सुरू झाली. बाहेरगावच्या रुग्णांच्या मुक्कामाची सोय हे तिचे मुख्य काम. टाटा रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्याला मूळचे गोव्याचे असलेले तिथले शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. त्यांच्याच नावाने वांद्र्याला रुग्णांसाठी निवास आहे. कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये सेंट ज्यूड ही संस्था मुंबईत सुरू झाली. मुलाचा आजार बरा होण्यासारखा असतो, पण राहायला जागा नाही म्हणून आईवडील उपचार अर्धवट सोडून गावी परततात. ही गळती थांबवणे हा अशा निवासांचा खरा उपयोग आहे. म्हणून मी रुग्णांना सांगतो, मुक्कामाची सोय हाही उपचाराचाच भाग समजा.

नागपाड्याची शाळा

आता पाच वर्षे मागे जाऊ. टाटा रुग्णालय सुरू होण्याआधी, १९३६ साली, त्याच सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईत नागपाड्याला समाजकार्य शिकवणारी शाळा काढली होती. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच 'टिस', या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. देशातली ही अशी पहिली नेमणूक मानली जाते.

वैद्यकीय समाजसेवक म्हणजे नेमके कोण? रुग्णालयात 'एमएसडब्ल्यू' अशी पाटी असलेली खोली तुम्ही पाहिली असेल. घरात कमावते कोण, शेती किती, मुले कुणाकडे ठेवून आलात, औषधाला पैसे आहेत का, असे प्रश्न तिथे विचारले जातात. या चौकश्या कशाला, असे काहींना वाटते. पण याच माहितीवरून कोणत्या योजनेत बसवायचे, कोणत्या ट्रस्टला अर्ज करायचा, कुठे राहायला पाठवायचे, हे ठरते. डॉक्टर रिपोर्ट पाहतात, समाजसेवक रुग्णाचे घर पाहतात. दोन्ही लागते.

मदत करणाऱ्या संस्थाही याच काळात वाढल्या. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. याच सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद सुरू केली. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली. १९९४ मध्ये स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एका बाईंनी व्ही केअर ही संस्था सुरू केली. आजार बरा होण्यासारखा नसतो तेव्हाही आधार लागतो. त्यासाठी टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे केले. ही भारतातली पहिली हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या वेदना कमी करून त्याची शुश्रूषा करणारी जागा.

हार्लेमचा धडा

ही अडचण केवळ आपल्या देशाची होती, असे समजू नका. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरोल्ड फ्रीमन हे शल्यचिकित्सक होते. त्यांच्याकडे स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय स्त्रिया येत, त्यांच्यापैकी निम्म्या तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजमध्ये येत. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात हे घडत होते.

डॉ. फ्रीमन यांच्या लक्षात आले की गाठ सापडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या काळातच बाई हरवते. विमा नाही, कागद समजत नाहीत, मुलांना सांभाळायला कुणी नाही, भीती आहे. १९९० मध्ये त्यांनी हार्लेम रुग्णालयात एक साधा उपाय सुरू केला. प्रत्येक संशयित रुग्णामागे एक माणूस, जो तिला एका तपासणीकडून दुसरीकडे नेईल आणि अडचण आली की सोडवील. त्याला त्यांनी 'पेशंट नॅव्हिगेटर' म्हटले. नॅव्हिगेटर म्हणजे जहाजाला दिशा दाखवणारा.

त्या रुग्णालयात १९६४ ते १९८६ या काळात स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी ३९ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ७० टक्के झाले. याचे सगळे श्रेय वाट दाखवणाऱ्याला देता येणार नाही. मोफत तपासण्या वाढल्या होत्या, उपचारही सुधारले होते. पण आधी ज्या स्त्रिया मध्येच गळत होत्या त्या आता उपचारापर्यंत पोचत होत्या, हा फरक मोठा होता.

आरोग्यमित्र आणि केवट

महाराष्ट्रात हीच कल्पना दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी योजनेची. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती नाशिकसह सगळ्या राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. पुढे तिची मर्यादा ५ लाख रुपये झाली आणि पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबेही तिच्यात आली. या योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. कागद तपासणे, नोंदणी करणे, मंजुरीचा पाठपुरावा करणे हे त्याचे काम. पाटी न पाहिल्यामुळे कित्येक रुग्ण त्याच्या टेबलासमोरून तसेच पुढे निघून जातात.

दुसरी वाट टाटा रुग्णालयाची. गेल्या दशकाच्या अखेरीस टाटा रुग्णालय आणि टिस यांनी मिळून रुग्णांना वाट दाखवणारी माणसे शिकवून तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. एकाच ट्रस्टने १९३६ मध्ये शाळा काढली आणि १९४१ मध्ये रुग्णालय. इतक्या वर्षांनी ती दोन्ही या कामासाठी एकत्र आली. अभ्यासक्रमाला नाव दिले 'केवट'. नाशिककरांना हे नाव समजावून सांगायला नको. राम पंचवटीत पोचण्याआधी वाटेत गंगा लागली आणि ती पार करून देणारा नावाडी म्हणजे केवट.

तुम्ही काय करायचे?

आता कामाचे बोलू.

१. मुंबई गाठण्याआधी नाशिकमध्ये काय होऊ शकते ते विचारा. शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, खासगी कॅन्सर रुग्णालयेही आहेत. देशभरातल्या रुग्णालयांत कॅन्सरचे उपचार एकसारख्या पद्धतीने व्हावेत म्हणून २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड काम करते. अनेकदा एक मत मुंबईचे आणि केमो नाशिकला, असेही जमते.

२. बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर तिच्या काचा (स्लाइड) आणि मेणाचे ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या. मोठी रुग्णालये ते पुन्हा तपासतात. ते नसतील तर पहिली फेरी वाया जाऊ शकते.

३. रेशनकार्ड, आधार आणि सर्व जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. फाईल घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा आणि दर वेळी शक्यतो त्यालाच बरोबर न्या.

४. उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. फुले योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील, या भरवशावर राहू नका. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. नियम बदलत असतात, म्हणून दर वेळी नव्याने विचारा.

५. वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा, पैसे संपल्यावर नको. मुक्कामाच्या जागेबद्दलही तेव्हाच बोला. धर्मशाळांना बहुधा रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागा लगेच मिळेलच असे नाही.

६. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वे तिकिटात सवलत मिळते. स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या एका व्यक्तीलाही मोठी सवलत असते. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या.

७. "नंबर लवकर लावून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. रुग्णालयाची मदत करणारी माणसे त्यासाठी पैसे घेत नाहीत.

८. उपचार सोडून द्यावासा वाटला, तर सोडण्याआधी कुणाला तरी कारण सांगा. पैसे, राहणे, मुलांची शाळा, केमोचा त्रास, कारण काहीही असो. त्यातल्या बऱ्याच कारणांवर उपाय असतो, पण न सांगता घरी बसलेल्या रुग्णापर्यंत तो पोचत नाही.

आणि गल्लीतला तुमचा फॅमिली डॉक्टर विसरू नका. मुंबईला दोन महिन्यांनी जायचे असते, मधल्या काळात ताप आला, उलट्या थांबेनात, तर तोच जवळ असतो. केमो सुरू असताना आलेला ताप घरी अंगावर काढायचा नसतो, त्याच दिवशी दाखवायचा असतो.

तुमच्या शेजारी, नात्यात कुणाला नुकतेच निदान झाले असेल तर हा लेख त्यांना वाचून दाखवा. आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर जा, फाईल तुम्ही धरा. काळजी घ्या.